सम्राटच्या काळजातलं दार

"आता मी जे सांगनार हाय, त्याच्यावर तुमच्यापैकी एकाचाबी इस्वास बसायचा न्हाई," खिरीची वाटी खाली ठेवत कचरूआबांनी जाहीर केलं. "न्हाई बसला तरी माझी तक्रार न्हाई. सवय हाय मला."

बुद्ध पौर्णिमेची संध्याकाळ होती. विहारातली वंदना आटोपून पुणतांब्यातली चार घरं आबांच्या अंगणात खिरीला जमली होती. आबांची बायको आक्काबाई पातेल्याजवळ बसली होती, सून सायली वाट्या भरत होती आणि मुलगा सम्राट बाजेवर बसून फडक्यानं ट्रम्पेट पुसत होता. त्याच्या पायाशी बँडमधला ढोलवाला श्रीमंत बसला होता.

"आबा, तुमच्यावर इस्वास ठेवायचा सवाल येतोच कुठं?" श्रीमंत म्हणाला. "तुमी नुसतं सांगायचं, आमी नुसतं ऐकायचं."

श्रीमंतचं काही चुकलं नव्हतं. कालव्यातून वाहत आलेला राहात्याचा तो पेरू अख्ख्या गावाला ठाऊक होता. आबांच्या मावशीचं सगळं वऱ्हाड म्हणे त्याच्यावर बसून गोदावरी ओलांडून गेलं आणि पलीकडे पोचल्यावर त्याच पेरूची कोशिंबीर करून पंगतीला वाढली. काकडी गावाला विमानतळ झाल्यावर तिथला एक कोंबडा सूर्याचा नाद सोडून विमानाच्या वेळेला आरवायला लागला, हेही गावानं ऐकलं होतं. विमानाला उशीर झाला की तो अर्ध्यातच थांबायचा आणि माणसांकडे बघून दिलगिरीनं मान हलवायचा. आबांच्या अशा गोष्टींनी कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं, म्हणून कुणी त्यांना तोंडावर खोटं पाडत नसे. श्रीमंत चिमटे काढायचा, आक्काबाई कपाळाला हात लावायची. सम्राट मात्र लहानपणापासून बापाची प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि फक्त "हं" म्हणायचा.

"ही गोष्ट ह्याचीच हाय," आबांनी बाजेकडे बोट केलं. "ह्याच्या काळजाला दार हाय. म्हंजे हुतं."

"झालं सुरू," आक्काबाई म्हणाली.

पण ते खरं होतं. मुळापासून सांगायचं तर दारच्या सुरापासून सांगावं लागतं.

सम्राटचं वय चाळिशीच्या जरा पुढं. बँड त्याचा आणि बँडची कीर्ती त्याच्या दमाची. नवरदेव घोड्यावरून उतरला की बाकीची वाद्यं गप्प व्हायची आणि एकट्या ट्रम्पेटचा एकच सूर निघायचा, तोच दारचा सूर. नवरदेवाचं पाऊल मांडवात पडेपर्यंत तो तोडायचा नाही, हा नेम. मध्येच मेव्हणे आडवे येवोत, बहिणीला ओवाळायचं ताट घरातून आणायची आठवण होवो, की नवरदेवाच्या बुटात खडा जावो. सम्राटचे गाल फुगलेले, मानेची शीर दोरीसारखी ताठ आणि डोळे नवरदेवाच्या पायावर. पाऊल पडलं की सूर सुटायचा आणि श्रीमंतचा ढोल दणाणायचा. हा नेम घातला होता आबांनी, त्यांच्या वाजवायच्या दिवसांत. हल्ली ते बँडच्या पुढं नुसती काठी फिरवत चालायचे. आता काठीच आबांना फिरवते, असं श्रीमंत म्हणायचा.

फेब्रुवारीत जामखेडकडचं एक लग्न होतं. सगळा जिल्हा उभा कापत जायचं. टेम्पोत माणसं कमी आणि ढोलताशे जास्त, म्हणून सम्राट मांडीवर मोठा ढोल घेऊन पाय दुमडून बसला. वाटेत टेम्पो कुठं थांबला नाही. लघवीला थांबायला नको म्हणून हा पठ्ठ्या पाणीसुद्धा प्यायला नाही. उतरला तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या. तसाच लंगडत मिरवणुकीत शिरला, वाजवत मांडवापर्यंत आला आणि नवरदेव घोड्यावरून उतरल्याबरोबर त्यानं दारचा सूर लावला.

नेमकी त्याच दिवशी नवऱ्याकडच्या दोन मामांत, आधी कुणी गळाभेट घ्यायची ह्यावरून जुंपली. नवरदेव मध्येच उभा. सूर चालूच. आबा म्हणतात तो सूर एवढा लांबला की पंगतीतला वरणभात निवला. श्रीमंत म्हणतो तेवढा नाही, पण लांबला खरा. शेवटी मामा बाजूला झाले, नवरदेवानं पाऊल टाकलं, सम्राटनं सूर सोडला आणि लगेच पुढची चाल धरली. आणि ती चाल वाकडी गेली.

लोकांना वाटलं ही काही नवीन हरकत आहे. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबांना मात्र समोरून दिसत होतं. दोरीवरचं ओलं फडकं घसरावं तसा सम्राटचा उजवा हात ट्रम्पेटवरून घसरला. ओठाचा एक कोपरा खाली आला.

"थांबवा! पोरगं गेलं!" आबा ओरडले.

"आन् ह्या श्रीमंतनं काय करावं?" आबांनी अंगणात सगळ्यांकडे बघितलं. "ढोल आनखी जोरात बडवला!"

श्रीमंतनं मान खाली घातली. "मला वाटलं तुमचंच काहीतरी नाटक हाय. घोडं बुजलं म्हनून मागं एकदा तुमी अख्खी वरात थांबवली न्हवती का? घोडं उभ्या उभ्या झोपलं हुतं."

पुढं आबांनी नवरदेवाच्या मामाची गचांडी धरून गाडीची किल्ली हिसकावली, असं आबांचं म्हणणं. श्रीमंतचं म्हणणं, नवरदेवानंच किल्ली काढून दिली आणि म्हणाला, "न्या गाडी. मी काय, पोचलोच हाय मांडवात." काही का असेना, झेंडूच्या माळा लावलेली, मागच्या काचेवर नवरानवरीची नावं चिकटवलेली ती गाडी सम्राटला घेऊन नगरला निघाली. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण घाईत आबांच्या तोंडी नगरच येतं. दवाखान्याच्या फाटकावर वॉचमननं आत डोकावून विचारलं, "नवरी कुठाय?"

"नवरी न्हाई, नवरदेव न्हाई, बँडवाला हाय," आबा म्हणाले. "उघड दार!"

वेळेत पोचले म्हणून निभावलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि उजाडेपर्यंत सम्राटची बोटं हलायला लागली. शब्द मात्र जड झाले. पाणी म्हणायचं असलं की आधी भिंतीकडे बघायचा, मग छताकडे आणि मग म्हणायचा, "ते... पानी."

आता खरा घोर वेगळाच होता. झटका का आला? रक्तदाब बरोबर. साखर नाही. मानेच्या नसा स्वच्छ. छातीला पट्टी लावून ठोके मोजले, तेही सरळ. तंबाखू नाही, दारू नाही. डॉक्टर ज्योतीमॅडम प्रत्येक तपासणीचा कागद बघायच्या आणि म्हणायच्या, "यातही काही नाही."

सायली एकदा न राहवून म्हणाली, "मॅडम, काही न्हाई म्हंजे चांगलं ना?"

"चांगलं आहे, पण पुरेसं नाही," मॅडम म्हणाल्या. "कारण कळल्याशिवाय दुसरा झटका अडवायचा कसा? पहिल्यातून हे बाहेर आले. दुसरा असाच सोडून देईल असं मी सांगू शकत नाही."

ते ऐकल्यापासून आबांच्या पोटात अन्न जाईना. आयुष्यात कुठल्याही गोष्टीचं कारण न देता आलेलं त्यांना माहीत नव्हतं. ऊस का गोड, नदी का वाकडी, कोंबडा का काळा, सगळ्याची कारणं खिशात तयार. आणि पोटच्या पोराला कशानं पाडलं, ते सांगता येईना.

मग मॅडमनी हृदयाची एक खास तपासणी करायचं ठरवलं. सलाईनच्या पाण्यात चिमूटभर हवा मिसळून, ते घुसळून बारीक बुडबुडे करायचे आणि दंडाच्या शिरेतून सोडायचे. हृदयाच्या उजव्या बाजूला बुडबुडे पडद्यावर चमकतात. डावी बाजू काळी राहिली तर ठीक. तिकडेही चमकले तर मधल्या भिंतीत कुठंतरी वाट आहे. पेशंटनं आधी पोटातून जोर लावून धरायचा आणि मॅडमनी सांगितलं की चटकन सोडायचा. जोर सुटतो त्या क्षणी, वाट असलीच तर उघडते.

सायली आणि आबा दारात उभे होते. सम्राटला शब्द सुचत नव्हते म्हणून सिस्टरनं त्यांना आत येऊ दिलं होतं.

"लावा जोर," मॅडम म्हणाल्या.

सम्राटनं लावला. गाल फुगले, मानेची शीर ताठ झाली. बुडबुडे आले.

"सोडा!"

सम्राटनं डाव्या हातानं खूण केली, थांबा.

"अहो सोडा! सोडा!"

सम्राट नाही सोडत. बुडबुडे आले तसे विरून गेले, मग त्यानं सावकाश श्वास सोडला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं सगळ्यांकडे बघितलं. दुसऱ्यांदा तेच. पूजा सिस्टर हसू दाबत पडद्याआड गेली.

मॅडमनी खुर्ची आबांकडे फिरवली. "हे असं का करतात? सोड म्हटल्यावर का सोडत नाहीत?"

"मॅडम, तुमच्या सांगन्यावर तो कसा सोडंल?" आबा म्हणाले. "नवरदेवाचं पाऊल मांडवात पडल्याबिगर आमच्यात सोडत न्हाईत."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "मग नवरदेव आणा," त्या म्हणाल्या.

"कुठनं आनू?"

"तुम्ही आहात की."

इथं आबांनी अंगणातल्या मंडळींना थोडा वेळ दिला, कारण आक्काबाई हसून हसून डोळे पुसत होती. सायलीनं शपथेवर सांगितलं की इथपर्यंत सगळं खरं आहे, तिच्यासमोर घडलंय.

तर आबा नवरदेव झाले. डोक्याला टॉवेल गुंडाळला, कट्यार म्हणून हातात बीपीच्या मशीनची नळी धरली. पायपुसणं झालं मांडव. सम्राट पलंगावर आडवा, मान वळवून बापाच्या पायाकडे बघतोय. मॅडमनी खूण केली आणि सम्राटनं जोर लावला. आबा दारापासून निघाले. पण एकदा नवरदेव म्हटल्यावर आबांच्या अंगात मिजास शिरली. दोन्हीकडच्या रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करत, मिशीवरून हात फिरवत ते येऊ लागले.

"आबा, लवकर!" मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"मॅडम, नवरदेव पळत येत न्हाई. लोक नावं ठेवतात."

"मामा!" सायली सासऱ्यांवर ओरडली.

मॅडम म्हणाल्या, "आता!" आबांनी पाऊल पायपुसण्यावर ठेवलं. सम्राटनं सूर सोडला, अगदी नेमात.

आणि पडद्याच्या काळ्या बाजूला पांढरे ठिपके उमटले. आधी दोनचार, मग मूठभर ज्वारी फेकावी तसे.

आबांच्या हातातली नळी खाली पडली.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छोटं दार असतं. बाळ जन्मून रडलं की ते मिटतं आणि पुढं कायमचं चिकटून जातं. चारांतल्या एखाद्याचं चिकटत नाही. बहुतेकांना त्याचा जन्मभर काही त्रास नसतो, म्हणून दार दिसलं की बुजवलं असंही नसतं. पण इथं दुसरं काही कारणच सापडलं नव्हतं. पाय दुमडून एवढा प्रवास, पोटात पाणी नाही, पायात बारीक गुठळी झाली असणार. एरवी ती फुप्फुसाच्या चाळणीत अडकून विरली असती. ह्यांनी एवढा जोर लावून सोडला, दार उघडलं आणि ती आडवाटेनं मेंदूत गेली.

"मग आता?" सायलीनं विचारलं.

"रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घ्यायच्याच. शिवाय दार बंद करता येतं. छाती उघडायची नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून, पाठीला पाठ लावलेल्या दोन छोट्या छत्र्यांसारखं काहीतरी तिथं बसवतात. पुन्हा झटका येण्याची शक्यता त्यानं बरीच कमी होते. अजिबात येणारच नाही, असं वचन मी देत नाही. पण माझा भाऊ असता तर मी बंद करायला सांगितलं असतं."

घोर फिटला म्हणून आबांना एवढा आनंद झाला की त्यांची जीभ मोकाट सुटली. इतके दिवस अडलेलं सगळं बाहेर आलं. शेजारच्या पलंगावर शेवगावकडचे एक आजारी गुरुजी होते. त्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना गोळा करून आबा सांगायला बसले:

"तुमच्याआमच्या काळजात एकच वाट. आमच्या सम्राटला मागचं दारबी हाय. म्हनून तर त्याला दम पुरतो. मानसाचा श्वास सपला की सपला. ह्याचा सपला की मागच्या दारानं दुसरा येतो. उगीच का एवढा सूर लांबतो? दवाखानेवाले म्हनतात, असं काळीज लाखात एक."

गुरुजींनी मान डोलावली. पलीकडच्या पलंगावर सम्राट डोळे मिटून पडला होता. झोपला आहे असं आबांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम संमतीचा कागद घेऊन आल्या, तर सम्राट म्हणाला, "न्हाई."

"काय न्हाई?" सायलीनं विचारलं.

सम्राटनं भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं. "दार... बुजवायचं न्हाई. दम जाईल. चौदा एप्रिल हाय."

सायलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौदा एप्रिलची मिरवणूक म्हणजे सम्राटचं वर्ष. त्या दिवशी पुतळ्यापुढं तो जो सूर लावायचा, त्यासाठी बाहेरगावी नोकरीला गेलेली माणसं रजा काढून यायची. मॅडमनी परोपरीनं सांगितलं, ह्या दारातून रक्त जातं, हवा जात नाही. दम फुप्फुसाचा आणि सरावाचा. सम्राटनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी कधी... ट्रम्पेट वाजिवला का?"

"नाही."

"मग."

ही थाप आबांचीच होती. सगळ्या थापांत मेली हीच जाऊन पोरावर बसली होती. ते पलंगापाशी गेले. "सम्राट, आरं मी त्या गुरुजीला उगीच सांगितलं. तसलं काय नसतं. थाप हुती."

सम्राटनं डाव्या हातानं बापाचा हात थोपटला. "आता थाप मारताय तुमी, आबा. मी... ऑपरेशन करावं म्हनून."

सायली आबांना जिन्यापाशी घेऊन गेली. ती रागावली असती तर आबांना बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मामा, त्यांना दुसरा झटका आला तर मी काय करू? कशीबी करा, पन त्यांची समजूत तुमीच काढा. तुमच्याशिवाय कुनाचं ऐकायचे न्हाईत ते."

"माझं खरं ऐकना की तो."

"मग काय ऐकतात ते सांगा."

आबा खूप वेळ जिन्यात बसून राहिले. मग उठून सम्राटपाशी गेले आणि म्हणाले, "मला एक सांग. माझा दम तुझ्यापेक्षा लांब हुता का न्हाई?"

सम्राट विचारात पडला. लहानपणी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला त्या दिवशी तो बापाच्या खांद्यावर होता. भोंगा वाजला, त्याबरोबर आबांनी ट्रम्पेटचा सूर लावला आणि भोंगा दमून थांबल्यावर सोडला. ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. "हुता," तो म्हणाला.

"मंग माझ्याबी काळजात तसलं दार पायजे. असंल तर तू म्हनतो ते खरं, बुजवू नको. पन माझी भिंत साबूत निघाली, तर दमाचा आन् दाराचा संबंध न्हाई. बोल, हाय कबूल?"

सम्राटनं बापाकडे बघितलं. "हं," तो म्हणाला.

इथून पुढची हकिकत आबा सांगतात ती अशी. ते तडक मॅडमकडे गेले आणि बाही वर करून म्हणाले, सोडा बुडबुडे. मॅडम म्हणाल्या, आबा, या वयात कशाला? आबा म्हणाले, वय माझं झालंय, दमाचं न्हाई. मग त्यांना त्याच पलंगावर निजवलं. पूजा सिस्टरनं दाभणाएवढी सुई आणली, ती आबांच्या दंडात शिरली आणि आबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. मग त्यांनी जोर लावला. मॅडमनी बुडबुडे सोडले, ते उजव्या बाजूला आले, भिंतीवर धडका देऊन देऊन दमले आणि आल्या वाटेनं परत गेले. आबांचा जोर तरी चालूच. मॅडम म्हणे मध्येच चहा घेऊन आल्या, तरी आबांनी सोडलं नव्हतं. शेवटी सोडलं तेव्हा समोरचा पडदा फडफडला. आणि डावी बाजू? कोळशासारखी काळी. एक ठिपका नाही. "आबा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या काळजाची भिंत म्हणजे धरणाची भिंत."

आबा दंड दाबत वर आले आणि सम्राटला म्हणाले, "भिंत साबूत हाय, पोरा. दमाचा आन् दाराचा काहीबी संबंध न्हाई."

सम्राटनं त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे. "बरं," तो म्हणाला. "आना... कागद." आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी आबा आणि सायली बाहेरच्या बाकावर बसले होते. बसल्या बसल्या सायली म्हणाली, "मामा, आज एकबी गोष्ट सांगू नका. मला सोसायची न्हाई."

"न्हाई सांगत."

काही वेळ गेला. आत कुणीतरी गेलं, कुणीतरी बाहेर आलं, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सायलीनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मामा, सांगा एखादी."

आबांनी तोंड उघडलं. काहीच येईना. पेरू येईना, कोंबडा येईना. त्यांनी सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दोघं तसेच बसून राहिले. शेवटी दार उघडून ज्योतीमॅडम बाहेर आल्या आणि मास्क खाली करत हसल्या.

ते दार मिटलं त्याला आता दोन महिने होत आले होते. चौदा एप्रिलला सम्राट मिरवणुकीत नुसता चालला, निळा फेटा बांधून, रिकाम्या हातांनी, आणि पुतळ्यापुढं पोरांनी सूर लावला तेव्हा डोळे मिटून उभा राहिला. गोळ्या सायली स्वतःच्या हातानं देते. टेम्पोनं कुठं जायचं तर आता दर थोड्या वेळानं सगळ्यांनी खाली उतरून पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं, असा नवा नेम झालाय. श्रीमंत त्याच्यावर कुरकुरतो आणि सगळ्यात आधी उतरतो. मॅडमनी परवाच हळूहळू फुंकायला परवानगी दिली होती. लांब सूर पुढच्या तपासणीनंतर.

"तर मंडळी," आबांनी अंगणावर नजर फिरवली आणि डाव्या दंडावर थाप मारली, "ह्या दंडात सुई शिरली, म्हनून आज माझं पोरगं हितं बसलंय. डाक्टरनीनं दार बुजवलं, पन समजूत माझ्या तपासनीनं पटली. आता बोला, कुनाला खोटं वाटतंय?"

"सुई घेतली? तुमी?" आक्काबाईनं पळी पातेल्यात टाकली. "काटा काढायला सुई घेतली तर घर सोडून पळता तुमी!"

"पोरासाठी घेतली. इचार सम्राटला. त्याच्यासमोर दंड दाबत आलो का न्हाई?"

सगळ्यांनी बाजेकडे बघितलं. सम्राट "हं" म्हणेल आणि पुन्हा ट्रम्पेट पुसायला लागेल, असंच सगळ्यांना वाटलं. आबांनी तर वाटीत राहिलेल्या खिरीकडे हातही नेला होता.

सम्राटनं फडकं बाजूला ठेवलं. भिंतीकडे बघितलं नाही, वरही बघितलं नाही.

"खोटं हाय, आबा," तो मोठ्यानं, एका दमात म्हणाला. "साफ खोटं. तुमची तपासनी झालीच न्हाई. मी खिडकीतून बघत हुतो. तुमी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली फेऱ्या मारत हुता, एकटेच हातवारे करत, मला वर येऊन काय सांगायचं त्याची तालीम करत. चुकला की कपाळावर मारून घेत हुता, परत पहिल्यापासनं म्हनत हुता. उभ्या जन्मात तुमी एकाबी थापेची तालीम केली न्हाई, आबा, तेवढी एक सोडून. म्हनून सही केली मी."